मोटारीची उंची आणि चाकांची दिशा

(रस्ता सुरक्षा महिन्याच्या निमित्ताने वसई येथे मोटारमालक, चालक आणि गॅरेजमधील कारागीर यांच्यासमोर केलेले भाषण)



रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात माहिती अधिकाऱ्याने काय बोलावे, याची एक ठरावीक चाकोरी आहे. हेल्मेट वापरा, सीटबेल्ट लावा, मद्यपान करून वाहन चालवू नका, या सूचना मी गेली अनेक वर्षे लिहीत आलो आहे आणि त्यांचे महत्त्व यत्किंचितही कमी झालेले नाही. परंतु आज मी या चाकोरीबाहेरचा एक विषय निवडला आहे. आपल्या वसई-विरार परिसरातील तरुणांत मोटार 'खाली बसविण्याची' म्हणजे स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग बसवून मोटारीची उंची कमी करण्याची जी हौस दिसते, तिचा चाकांच्या दिशेवर, म्हणजे ज्याला आपण सारे 'अलाइनमेंट' म्हणतो त्यावर, काय परिणाम होतो, हा तो विषय होय.

प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्राशी माझा संबंध दुरूनच. येथे बसलेल्या कारागिरांपैकी कोणीही मला या विषयात चार गोष्टी शिकवू शकेल. तरीही मी बोलण्याचे धाडस करतो आहे, याचे कारण हा विषय मला पुस्तकाने नव्हे, तर अनुभवाने शिकविला.

माझा एक भाचा नालासोपाऱ्यास राहतो. त्याने एक जुनी छोटी मोटार विकत घेतली आणि महिन्याभरात एका गॅरेजमध्ये तिच्या चारही स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले. मोटार दोन-तीन बोटे खाली बसली. चाके मडगार्डच्या आत शिरल्यासारखी दिसू लागली. भाचा खूष झाला. मोटार किंचित डावीकडे ओढते, असे त्याच्या लक्षात आले तेव्हा त्याने अलाइनमेंट करून घेतले. पुढे पुन्हा एकदा करून घेतले. दोन्ही वेळा त्याच्या हाती यंत्राचा छापील कागद आला आणि तो कागद त्याने मोठ्या विश्वासाने मोटारीच्या खणात ठेवला.

पुढे पावसाळ्यात एका सकाळी आम्ही माझ्या बहिणीस तपासणीसाठी रुग्णालयात नेत होतो. बहीण मागे बसली होती, मी पुढे. महामार्गावर पाणी साचले होते. पुढील टेम्पोने अचानक वेग कमी केला, भाच्याने ब्रेक दाबला आणि मोटार सरळ थांबण्याऐवजी तिरकी घसरत दुभाजकाला लागून उभी राहिली. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेळीच आवरले, म्हणून आज मी हे सांगण्यास उभा आहे. कोणास इजा झाली नाही. बहीण मात्र कितीतरी वेळ एक शब्दही बोलली नाही.

जवळच्या पंक्चरवाल्याने पुढचे चाक पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवर हात फिरविला आणि मला तेथे वाकून पाहण्यास सांगितले. बाहेरून ज्या टायरची नक्षी उत्तम दिसत होती, त्याच टायरची आतली कड झिजून तारा उघड्या पडल्या होत्या. रस्ता सुरक्षेवर पत्रके लिहिणारा मी त्या मोटारीत कितीतरी वेळा बसलो होतो, पण टायरच्या आतल्या कडेकडे मी कधीही पाहिले नव्हते.

अलाइनमेंट दोनदा झाले होते, कागदही हाती होता. मग टायर का झिजला? या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

तीन कोन

बैलगाडीचे चाक घ्या. कणा, तुंबा, आरे आणि वरून लोखंडी धाव, एवढाच त्याचा संसार. ते चाक कण्याभोवती फिरते, याहून दुसरे काम त्याला नाही. मोटारीच्या पुढच्या चाकाला मात्र एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. ते फिरते, चालकाच्या आज्ञेप्रमाणे वळते आणि खड्ड्या-उंचवट्यांप्रमाणे वर-खाली होते. ही तिन्ही कामे चालू असताना टायर रस्त्यावर नीट टेकलेला राहावा, म्हणून ते चाक काही ठरावीक कोनांत बसविलेले असते. त्यांतील तीन कोन प्रमुख आहेत.

पहिला कॅम्बर. मोटारीच्या समोर उभे राहून पाहिले असता चाक सरळ उभे आहे की आत-बाहेर कलले आहे, हे कॅम्बर सांगतो. चाकाचा माथा आत कलला तर त्याला कारागीर 'निगेटिव्ह' म्हणतात. टायरची उंची ६०० मिलिमीटर धरली तर १ अंशाच्या कॅम्बरने माथा सुमारे १० मिलिमीटर आत जातो. डोळ्यांना हा फरक सहज जाणवत नाही. टायरच्या आतल्या कडेला मात्र तो जाणवतो, कारण वजनाचा अधिक वाटा तिच्यावर येतो.

दुसरा कास्टर. चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहिल्यास थोडा मागे झुकलेला असतो. सायकलचा पुढचा दांडा असाच तिरपा असतो. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होते आणि मोटार सरळ मार्ग धरून राहते, यात कास्टरचा मोठा हातभार असतो.

तिसरा टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची तोंडे परस्परांकडे वळलेली आहेत की परस्परांपासून दूर, हे टो सांगतो. आपण उभे असताना पायांचे पंजे आत किंवा बाहेर वळवितो, तसेच हे आहे. टायर झिजविण्यात सर्वांत मोठा अपराधी हाच. याचा एक ढोबळ हिशेब पाहा. चाक आपल्या दिशेपासून अर्धा अंश जरी वाकडे असेल, तरी प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. विरार ते चर्चगेट हे अंतर रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर आहे. तेवढ्या अंतराच्या एका फेरीत ते चाक पाचशे मीटरहून अधिक आडवे घासले गेले, असा याचा अर्थ. पायातली चप्पल रोज अर्धा किलोमीटर फरफटत नेली, तर ती किती दिवस टिकेल?

झोपाळ्याचे उदाहरण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे तिन्ही कोन कारखान्यात ठरविले जातात ते मोटारीची एक विशिष्ट उंची गृहीत धरून. उंची बदलली की कोन बदलतात. हे का घडते, ते समजण्यासाठी मोटारीखाली थोडे वाकून पाहावे लागेल.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी २०२३ साली कायमची निघून गेली. तिच्या पुढील प्रत्येक चाकास वर एक व खाली एक असे दोन आर्म असत आणि मागील बाजूस पाट्यांच्या कमानी. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर पुढील चाकांसाठी 'मॅकफर्सन स्ट्रट' नावाची रचना घरोघरी पोहोचली. आजच्या बहुसंख्य छोट्या मोटारींत हीच रचना आहे. यात स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच उभ्या खांबावर असतात आणि चाकाला खालून एकच आर्म धरून ठेवतो. त्याशिवाय स्टीअरिंगकडून आलेला टाय रॉड चाकाला दिशा देतो.

हा लोअर आर्म आणि टाय रॉड, दोघेही चाक वर-खाली होताना आपापल्या खिळीभोवती कंसात फिरतात. आपल्याकडील जुन्या घरांतील झोपाळा आठवा. त्याच्या चारही कड्या सारख्या लांबीच्या असतील, तर झोका कितीही मोठा घेतला तरी पाट सपाट राहतो. पुढच्या कड्या मागच्यांपेक्षा आखूड असतील, तर पाट मधल्या जागी सपाट दिसेल, पण झोका वाढला की तो तिरपा होऊ लागेल. मोटार आखणारा अभियंता आर्म आणि टाय रॉड यांचे कंस असे जुळवितो की नेहमीच्या उंचीच्या आसपास, झोका लहान असताना, चाकाची दिशा जवळजवळ बदलत नाही. आपण स्प्रिंग कापतो तेव्हा झोपाळा मधल्या जागेवरून काढून झोक्याच्या टोकाशी बांधून ठेवतो. तेथे दोन्ही कंस एकमेकांशी जुळत नाहीत. परिणामी चाक थोडे वर गेले, थोडे खाली आले की त्याची दिशा बदलते. स्टीअरिंग स्थिर धरलेले असते, तरी प्रत्येक उंचवट्यावर चाके स्वतःच थोडी वळत राहतात.

याबरोबरच कॅम्बर सामान्यतः निगेटिव्ह बाजूस जातो. कास्टरचे काय? मोटार पुढे व मागे सारखीच खाली आली तर कास्टर फारसा बदलत नाही. परंतु पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक खाली घेण्याची पद्धत आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,४०० मिलिमीटर असेल आणि पुढची बाजू ४० मिलिमीटरने अधिक खाली असेल, तर संपूर्ण मोटारच जवळजवळ १ अंश पुढे झुकते आणि तेवढा कास्टर कमी होतो. सरळ जाण्याची मोटारीची ओढ त्यामुळे उणावते.

कापलेल्या स्प्रिंगचा हिशेब

स्प्रिंग कापली की ती मऊ होते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर उरलेली पाच वेढ्यांची स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी अधिक कडक होते. म्हणजे दणका अधिक बसतो आणि तो पचविण्यासाठी जागा मात्र कमी उरते. शॉकअब्सॉर्बर आपल्या प्रवासाच्या तळाशीच काम करू लागतो आणि रबराच्या ठोकळ्यावर वारंवार आपटतो. कापलेले टोक मूळच्या बैठकीत नीट बसत नाही. मोटार खड्ड्यावरून उसळली आणि चाक लोंबकळले, तर आखूड झालेली स्प्रिंग क्षणभर मोकळी पडून बैठकीवरून सरकूही शकते. काही ठिकाणी स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवितात. हा प्रकार तर अधिकच घातक, कारण पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि स्प्रिंग कधी दबेल वा तुटेल याचा भरवसा राहत नाही.

शिवाय हाताने कापलेल्या दोन स्प्रिंगा तंतोतंत सारख्या होत नाहीत. भाच्याच्या मोटारीचे हेच झाले होते.

यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

या साऱ्या गोष्टी मला महामार्गालगतच्या एका लहानशा गॅरेजमधील वयस्क कारागिराने समजावून सांगितल्या. तेथील पोरे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तसेच म्हणतो. मोटार यंत्रावर घेण्यापूर्वी उस्तादांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. पुढे उजव्या बाजूला ती डाव्या बाजूपेक्षा कमी भरली. मग त्यांनी हवेचा दाब पाहिला, चाके हलवून बुश आणि बॉल जॉइंट तपासले. लोअर आर्मचे बुश पिळून फाटले होते. त्यानंतरच यंत्र सुरू झाले.

पडद्यावर टो हिरव्या रंगात होता, म्हणजे मर्यादेत. कॅम्बर मात्र दोन्ही बाजूंस लाल रंगात. डावीकडे सुमारे एक अंश निगेटिव्ह, उजवीकडे दीड. मोटार डावीकडे ओढण्याचे कारण तेथेच कळले, कारण दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये फरक असेल तर मोटार कमी निगेटिव्ह बाजूकडे ओढते. जुने दोन्ही कागद काढून पाहिले. त्यांतही कॅम्बर लालच होता. भाचा म्हणाला, "मामा, मी विचारलं होतं. या गाडीत कॅम्बरला अॅडजस्टमेंटच नाही, असं सांगितलं."

ते खरेच होते. अनेक छोट्या मोटारींत कारखान्याने फक्त पुढील टो जुळविण्याची सोय ठेवलेली असते. कॅम्बर जुळविण्याची गरजच पडू नये, अशी रचना उंची कायम राहील या भरवशावर केलेली असते. सांगणाऱ्याने असत्य काही सांगितले नव्हते. परंतु 'अॅडजस्टमेंट नाही' आणि 'सर्व काही ठीक आहे' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते कोणी भाच्याला समजावून दिले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

मग उस्तादांनी आपल्या दोन पोरांना मोटारीत बसण्यास सांगितले. मोटार आणखी थोडी दबली आणि पडद्यावरचा टोचा हिरवा आकडा आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. उस्ताद म्हणाले, "साहेब, यंत्रावर गाडी रिकामी उभी असते. रस्त्यावर ती कधी रिकामी असते का?" मूळ उंचीच्या मोटारीत माणसे बसल्याने आकडा इतका हलत नाही. खाली बसविलेल्या मोटारीत झोपाळा आधीच टोकाशी असल्यामुळे थोड्याशा वजनानेही तो फार तिरपा होतो. म्हणजे भाच्याच्या हातातील कागद खोटा नव्हता. तो रिकाम्या, उभ्या मोटारीचा कागद होता. धावत होती ती मोटार निराळी होती.

कलता कॅम्बर एकटा असता तर टायर इतक्या लवकर झिजला नसता. कॅम्बरने वजन आतल्या कडेवर आणले आणि बिघडलेल्या टोने तीच कड रस्त्यावर आडवी घासली. दोघांनी मिळून थोड्या महिन्यांत काम पुरे केले.

आपले रस्ते

कोणी विचारील की शर्यतीच्या मोटारी तर जमिनीला टेकल्यासारख्या असतात, त्या कशा धावतात? प्रश्न रास्त आहे. मोटार खाली घेणे हे मुळात अशास्त्रीय नाही. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर मोटार कमी कलते. परंतु शर्यतीच्या मोटारीत आर्मच्या खिळी, टाय रॉडची उंची, शॉकअब्सॉर्बरची लांबी हे सारेच त्या उंचीसाठी पुन्हा आखलेले असते आणि ती चेन्नईजवळच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या गुळगुळीत मार्गावर धावते. आपण कापतो ती केवळ स्प्रिंग आणि धावतो ते वसईच्या वाड्यांमधील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर किंवा अवजड वाहनांनी भरलेल्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर.

गतिरोधकाचेच पाहा. भारतीय रोड काँग्रेसने १९८८ साली दिलेल्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सुचविला आहे. असा पसरट गतिरोधक सावकाश ओलांडताना मोटारीचा तळ सहसा घासत नाही. परंतु गल्लीच्या तोंडाशी आढळणारे सारेच उंचवटे या मापाचे नसतात, हे आपण रोज अनुभवतो. १६०-१७० मिलिमीटर मोकळी उंची असलेली मोटार ५० मिलिमीटरने खाली घेतली आणि तीत चार माणसे बसली, म्हणजे तळाशी किती अंतर उरते याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

पावसाळ्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली जाऊन रेल्वे वाहतूकही बंद पडली होती, ते दिवस आपण विसरलेलो नाही. एवढा पूर नसला तरी साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. त्यात आदळलेले चाक मूळ उंचीच्या मोटारीत स्प्रिंग सांभाळून घेते. प्रवास संपलेल्या स्प्रिंगच्या मोटारीत तो आघात थेट आर्म, बुश आणि टाय रॉडवर जातो आणि कालच केलेले अलाइनमेंट आज निरर्थक ठरते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाहेरून सुटे भाग बसवून केलेल्या बदलांचाही या तरतुदीत उल्लेख आहे.

'उंची तर नोंदणीपत्रावर छापलेली नसते' असा युक्तिवाद काही तरुण करतात. अशा युक्तिवादाच्या भरवशावर स्प्रिंग कापण्यापेक्षा, 'एमएच ४८' या क्रमांकाने आपल्या परिचयाच्या असलेल्या वसईच्या परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. विमा कंपनीसही न कळविता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, हे ध्यानात असावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी झालेली मोटार रस्त्यावर आणणे हेही नियमबाह्य आहे. आणि ती खोली टायरच्या मध्यावरच नव्हे, तर आतल्या कडेवरही पाहिली पाहिजे.

तथापि दंडाच्या भीतीने ही गोष्ट पटावी, अशी माझी इच्छा नाही. त्या सकाळी मागच्या आसनावर माझी बहीण बसली होती. दंड पाच हजारांचा असो वा पन्नास हजारांचा, तो त्या क्षणाची बरोबरी करू शकत नाही.

आपण काय करावे

मोटारमालकांना माझी पहिली विनंती अशी की स्प्रिंग कापू नका व तापवू नका. ज्यांनी आधीच हे केले आहे, त्यांनी मूळ स्प्रिंगा बसवून उंची पूर्ववत करावी, फाटलेले बुश बदलावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. उंची चुकलेली ठेवून केलेले अलाइनमेंट म्हणजे वाकड्या भिंतीवर ओळंबा न लावता दिलेला रंग होय.

दुसरी विनंती, महिन्यातून एकदा स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड पाहा. मागच्या टायरसाठी खाली वाका. मोटार उभी व टायर थंड असताना तळहात टायरवर आडवा, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने, हलकेच फिरवा. तारा उघड्या पडल्याचा संशय असेल तेथे मात्र हात न लावता डोळ्यांनीच पाहा. हात एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला, तर टो बिघडला आहे असे समजा. केवळ आतली कड झिजली असेल, तर कॅम्बर तपासून घ्या. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरपे राहत असेल, मोटार एका बाजूस ओढत असेल किंवा रस्त्यावरील चाकोऱ्यांमागे धावत असेल, तर थांबू नका.

जुनी मोटार घेणाऱ्यांनी चारही चाकांपाशी मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजावी. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल किंवा स्प्रिंगचे टोक करवतीने वा ग्राइंडरने कापलेले दिसत असेल, तर सौदा करण्यापूर्वी विचार करावा.

कारागीर बंधूंना मी उपदेश करणार नाही, विनंती करतो. अलाइनमेंटपूर्वी उंची मोजा. आधी मागची चाके, मग पुढची, आधी कॅम्बर-कास्टर, मग टो, हा क्रम सोडू नका. कॅम्बर थोडा चुकला असल्यास आणि मोटारीच्या रचनेत बसत असल्यास विशेष बोल्ट टाकून साधारण एक-दीड अंशापर्यंत तो सुधारता येतो. परंतु तो उपाय किरकोळ फरकासाठी आहे, कापलेल्या स्प्रिंगवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदावर लाल आकडा असेल, तर तो गिऱ्हाईकाला दाखवा आणि त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगा. त्यासाठी फार तर एक मिनिट जाईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेले कितीतरी तरुण आज आपल्या हाताखाली काम करतात. त्यांना ही सवय आपणच लावू शकता.

तरुण मित्रांनो, मोटारीवरचे तुमचे प्रेम मी समजू शकतो. आपली मोटार इतरांहून निराळी दिसावी असे वाटण्यात गैर काही नाही. रंग, आसने, स्वच्छता, तिची निगा यांतून ती हौस भागवा. परंतु ज्या उंचीवर तिच्या साऱ्या कोनांचा तोल उभा आहे, त्या उंचीला हात लावू नका.

भाच्याने अखेर मूळच्या मापाच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. प्रथम तो नाखूष होता. "मामा, गाडी आता उंटासारखी दिसते," असे तो म्हणाला. उस्तादांनी त्याला यंत्रासमोर उभे केले. कॅम्बर हिरवा, टो हिरवा. मग त्यांनी आपली दोन पोरे पुन्हा मोटारीत बसविली. आकडा थोडा हलला, पण हिरवाच राहिला. भाचा त्या पडद्याकडे काही वेळ पाहत राहिला आणि मग काही न बोलता घरी फोन करून त्याने आईला सांगितले की पुढच्या तपासणीस मीच घेऊन जाईन.

ती त्याच मोटारीतून गेली आणि मागच्याच आसनावर बसली. निघण्यापूर्वी भाच्याने स्टीअरिंग वळवून दोन्ही टायरच्या आतल्या कडा वाकून पाहिल्या. आज घरी गेल्यावर आपणही आपल्या मोटारीपाशी एकदा वाकावे, एवढीच माझी आपणा सर्वांना विनंती आहे.